एकेक डोळा झाकून बघा: तिरळेपणा, आळशी डोळा आणि डबल दिसणं घरच्या घरी कसं ओळखायचं

शाळेत तपासणीला गेले की मी आधी पोराचा एक डोळा झाकते. दोन्ही डोळे उघडे असताना तक्ता खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचणारं पोर उजवा डोळा झाकला की एकदम गप्प होतं, मान वाकडी करून हाताच्या फटीतून बघायला लागतं आणि बाजूला उभी असलेली आई म्हणते, अगो वाच ना, येतंय ना तुला सगळं. वाचता येतंच तिला, दिसत नाहीये. आणि हे घरात कोणालाच माहीत नसतं, पोरीलाही नसतं, कारण तिला पहिल्यापासून तसंच दिसतंय, तिला वाटतं सगळ्यांना असंच दिसत असणार. दापोली-गुहागरपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही घरात आईबाप, आजी, मामा कोणीही करू शकेल असं लिहायचा प्रयत्न करतेय, शक्यतो सोप्या भाषेत.

आधी दोन डोळे एकत्र कसे चालतात ते थोडक्यात. प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू असतात आणि ते मेंदूतून येणाऱ्या तीन नसांवर चालतात, म्हणजे एकूण बारा स्नायू, आणि हे सगळे एकाच वेळी बरोबर ओढले गेले तरच दोन्ही डोळे एकाच गोष्टीवर टेकतात. रापण ओढताना दोन्ही टोकांची माणसं एका लयीत ओढतात तेव्हाच जाळं सरळ किनाऱ्याला येतं, एका बाजूने ढिलं सोडलं की तिरकं जातं, तसंच. दोन डोळ्यांतून दोन जराशी वेगळी चित्रं मेंदूत जातात आणि त्या फरकावरूनच मेंदू खोली काढतो, होडीतून जेटीवर पाय टाकताना, पाखाडीच्या पायऱ्या उतरताना, साकवावरून जाताना, झेल्याने नेमका देठाशी आंबा धरताना हीच खोली कामाला येते. आता डोळे जुळले नाहीत तर काय होतं? मोठ्या माणसाला एकाचे दोन दिसतात. लहान पोराला मात्र दोन दिसत नाहीत, कारण त्याचा मेंदू एका डोळ्याचं चित्र बाजूला टाकून देतो, त्याला त्रास होत नाही म्हणून तो तक्रारही करत नाही, आणि खरा धोका इथेच आहे.

आता घरी काय बघायचं ते सांगते. यातून निदान होत नाही, फक्त डॉक्टरकडे जायचं की नाही ते कळतं.

अगदी लहान बाळ असेल तर पहिले तीन-चार महिने डोळे मधेच इकडेतिकडे पळतात, त्याने घाबरू नका. चार महिन्यांनंतरही एखादा डोळा आत किंवा बाहेर जात असेल, किंवा त्याआधीसुद्धा एक डोळा सतत तिरका राहत असेल, तर दाखवायचं. बाळ खेळण्याकडे बघत असताना हळूच त्याचा एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. एक झाकला तर काही नाही आणि दुसरा झाकला की चिडतं, हात ढकलतं, रडतं, आणि प्रत्येक वेळी असंच होतंय, तर उघडा राहिलेल्या डोळ्याला कमी दिसत असणार. ही एवढीशी टेस्ट खूप काही सांगून जाते, बोलता न येणाऱ्या बाळाचं सुद्धा.

दुसरं, छोटी बॅटरी. अंधाऱ्या खोलीत बाळाला मांडीवर घेऊन कोणीतरी बसा, समोरून हातभर लांबून बॅटरी धरा, मोबाईलचा टॉर्च फार जोराचा असतो तो नको. दोन्ही बुबुळांवर उजेडाचा एक एक बारीक ठिपका दिसेल. दोन्ही ठिपके काळ्या भागाच्या सारख्याच जागी हवेत. एका डोळ्यात ठिपका कानाच्या बाजूला सरकलेला असेल तर तो डोळा आत वळलाय, नाकाच्या बाजूला असेल तर बाहेर. कधी कधी बाळाचं नाक वरच्या बाजूला चपटं आणि रुंद असतं त्यामुळे डोळ्याचा आतला पांढरा भाग झाकला जातो आणि ते तिरळं वाटतं, पण ठिपके बरोबर जागी असतात, असा वाटणारा तिरळेपणा नाक वर आलं की दिसेनासा होतो. तरी एकदा डॉक्टरांनी बघून नाही म्हटलं की मगच निर्धास्त व्हा, स्वतःच ठरवू नका.

तिसरं, फोटो. गणपतीत मुंबईहून सगळे चाकरमानी आले की घरात फोटोंचा पाऊस असतो, ते फोटो नीट मोठे करून बघा. फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरट-पिवळट चमक दिसत असेल तर कृपया सण संपायची वाट बघू नका. बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या कोनामुळे असतं, पण जन्मजात मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर सुद्धा असाच दिसतो आणि त्यात दिवस महत्त्वाचे असतात. आणि प्रत्येक फोटोत पोर मान एकाच बाजूला कलती करून उभं असेल तर ती स्टाईल नाही, डोळ्याचा एखादा स्नायू किंवा त्याची नस कमजोर असली की डबल दिसू नये म्हणून पोरं आपोआप मान वाकडी ठेवतात, अशांना कधी कधी मानेच्या मालिशीवर मालिश चालू असते आणि मूळ दुखणं डोळ्यात असतं.

शाळेत जाणाऱ्या पोरासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. तीनेक मीटर लांब उभं करा, एक डोळा तळहाताच्या खळग्याने झाका, बोटांनी नको कारण पोरं फटीतून बघतात आणि डोळा दाबायचा पण नाही, दाबला की नंतर काही वेळ तोच डोळा धूसर दिसतो. मग मोठ्या तारखांखालची बारीक अक्षरं वाचायला सांगा, दिसत नसतील तर जवळ बोलवत या. किती लांबून वाचतं याला फार महत्त्व नाही, दोन डोळ्यांत फरक किती ते महत्त्वाचं. एका डोळ्याने जिथून वाचलं तिथून दुसऱ्याने येत नसेल तर तपासणी करायचीच. चष्मा असेल तर चष्मा लावून. हे मी प्रत्येक घरात वर्षातून एकदा तरी व्हावं असं मनापासून म्हणते, पोराचे डोळे कितीही सुंदर आणि सरळ दिसत असू देत.

आता आळशी डोळा, म्हणजे अँब्लायोपिया. डोळ्याला आत कुठेही जखम नाही, पडदा चांगला, तरी चष्मा लावूनही पूर्ण दिसत नाही, कारण लहानपणी त्या डोळ्याचं स्पष्ट चित्र मेंदूपर्यंत कधी गेलंच नाही आणि मेंदूतली त्याची जागा तयार झाली नाही. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल या दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांवर हेच दाखवून दिलं, पिल्लाचा एक डोळा सुरुवातीच्या आठवड्यांत बंद ठेवला तर नंतर उघडूनही मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देत नाहीत, आणि मोठ्या मांजराचा तेवढाच काळ बंद ठेवला तर तसं काही होत नाही. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं. माणसाच्या पोरात ही खिडकी बरीच मोठी असते, सात-आठ वर्षांपर्यंत उपचार सगळ्यात छान लागू पडतात, त्यानंतरही सुधारणा होते आणि १३ ते १७ वयाच्या काही मुलांतही झालेली दिसलीये, खास करून ज्यांच्यावर आधी कधी उपचारच झाले नव्हते त्यांच्यात. म्हणून पोर दहावीत आहे आता काय उपयोग असं म्हणून घरी बसू नका, पण तीन-चार वर्षांचं असताना पहिली तपासणी झाली तर त्यासारखं काही नाही.

कारणं तीन. एक तर तिरळेपणा. दुसरं, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक, आणि हेच सगळ्यात जास्त निसटतं कारण बाहेरून काहीच दिसत नाही. तिसरं, जन्मजात मोतीबिंदू किंवा पापणी खाली लोंबलेली असल्यामुळे उजेडच आत जात नाही, यात सगळ्यात घाई करायची.

उपचार पहिल्यांदा चष्मा. बऱ्याच पोरांची नजर नुसता बरोबर नंबरचा चष्मा काही महिने रोज लावून सुधारते, पण रोज म्हणजे उठल्यापासून झोपेपर्यंत, फक्त शाळेत नाही. मग गरज पडली तर चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागतं. मध्यम प्रकारात दिवसाला दोन तास, जास्त असेल तर सहा तासांपर्यंत, किती ते डॉक्टर ठरवणार, तुम्ही लवकर बरं व्हावं म्हणून दिवसभर बांधू नका, चांगल्या डोळ्याची नजर उतरू शकते, त्यासाठीच मधे मधे बोलवतात. पट्टी नकोच म्हणणाऱ्या पोरांना चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब घालून तो डोळा मुद्दाम धूसर करतात, तेही तितकंच चालतं, पण डॉक्टरांनी सांगितलं तरच.

पट्टीचं आपल्याकडचं खरं दुखणं म्हणजे घाम. एप्रिल-मेमध्ये दुपारी चिकटपट्टी अर्ध्या तासात सुटते, कातडी लाल होते, पोर ओढून काढतं. म्हणून सकाळी आंघोळीनंतर चेहरा कोरडा पुसून लगेच लावा किंवा संध्याकाळी दिवेलागणीनंतर पंख्याखाली बसवून, रोज जागा थोडी बदला, आणि चष्म्याच्या काचेवर लावायची कापडी पट्टी असेल तर ती नाकाच्या बाजूने घट्ट बसतेय का बघा, पोरं वरून बघतात आणि मग दोन तास फुकट. त्या वेळात त्याला बारीक काम द्या, चित्र रंगवणं, अबोलीच्या कळ्या निवडणं, गजग्यांनी खेळणं, तांदळातले खडे काढणं. नुसतं झोपून राहिलं तर उपयोग नाही, त्या डोळ्याला काम मिळालं पाहिजे. आणि शाळेत पोरं चिडवतात म्हणून पट्टी बंद पडते असं मी खूप बघितलंय, बाईंना आधी जाऊन सांगा, एकदा त्यांनी वर्गात सगळ्यांना समजावलं की चिडवणं बऱ्याचदा थांबतं, नाहीतर पट्टी घरच्याच वेळेत बसवा. उपचार बंद केल्यावर काही मुलांची नजर परत घसरते, त्यामुळे पुढचं वर्षभर तरी तपासणीला जात राहायचं.

तिरळेपणाबद्दल आता. चकणा, हेकणा म्हणून पोराला हाका मारणं बंद करा ही पहिली विनंती. दुसरी, तिरळा म्हणजे लकी हे डोक्यातून काढा. मालवणकडच्या एका आजीने मला ठासून सांगितलं होतं, मोठो झालो काय आपोआप बरो होतलो, भाग्याचो आसा तो. प्रेमानेच म्हणत होती, पण खरा तिरळेपणा आपोआप जात नाही आणि थांबण्यात एका डोळ्याची नजर जाते. गाजर, बदाम, डोळ्यात मध, यातल्या कशानेही डोळा सरळ होत नाही, मध आणि काजळ तर घालूच नका.

प्रकार बरेच आहेत, नेहमी दिसणारे दोन सांगते. पहिला, साधारण दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत सगळं ठीक आणि मग जवळचं बघताना एक डोळा आत जायला लागतो. या पोरांना बहुतेक प्लस नंबर असतो, स्पष्ट बघण्यासाठी ती जोर लावतात आणि त्या जोराबरोबर डोळे आत ओढले जातात. प्लस नंबरचा चष्मा लावला की यातल्या कितीतरी पोरांचा डोळा चष्म्यातून अगदी सरळ दिसतो आणि काढला की परत आत, मग घरचे म्हणतात चष्म्यानेच डोळा खराब केला. तसं नसतं हो. चष्मा आहे तोवर डोळा सरळ आहे, तोच त्याचा उपचार आहे, एवढ्या लहान वयात चष्मा कशाला म्हणून तो फडताळात ठेवून देऊ नका. दुसरा, डोळा बाहेर जाणारा, तोही कधी कधीच, दमल्यावर, तापात, लांब समुद्राकडे टक लावून बघताना. यातली पोरं भर उन्हात एक डोळा मिटतात. किनाऱ्यावर ऊन असतंच त्यामुळे सगळेच डोळे बारीक करतात, पण दरवेळी तोच एक डोळा पूर्ण मिटत असेल तर लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा, कारण दवाखान्यात नेमका डोळा सरळ असतो. मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या.

ऑपरेशनला लोक फार घाबरतात. त्यात डोळा बाहेर काढत नाहीत, डोळ्याच्या आतही जात नाहीत, बाहेरून चिकटलेले स्नायू थोडे मागे सरकवतात नाहीतर घट्ट करतात. लहान पोरांना पूर्ण भूल देतात, बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी घरी सोडतात. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं हे आधीच मनात धरून जा. आणि ऑपरेशनने डोळा सरळ होतो, नजर वाढत नाही, आळशी डोळ्याची पट्टी-चष्मा वेगळा चालूच राहतो. मोठ्या माणसांचा तिरळेपणाही ऑपरेशनने सरळ करता येतो, लग्न ठरायच्या वेळी धावपळ करणाऱ्या मुलामुलींना हे कोणी आधी सांगितलेलं नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

डोळे सरळ, नजर ६/६ म्हणजे पूर्ण, तरी अभ्यासाला बसलं की वीस मिनिटांत कपाळ दुखतं, ओळी हलतात, एकच ओळ परत वाचली जाते, अक्षरं दोन होतात, अशी तक्रार घेऊन नववी-दहावीची, कॉलेजची मुलं येतात. घरी अभ्यासाचा कंटाळा म्हणून ओरडा खातात. यांच्यात बऱ्याचदा दोन्ही डोळे जवळ बघताना पुरेसे आत वळत नाहीत, कन्व्हर्जन्स इनसफिशियन्सी म्हणतात त्याला. पेन सरळ समोर धरून टोकाकडे बघत हळूहळू नाकाकडे आणा. दहा सेंटिमीटरच्या आधीच, म्हणजे नाकापासून बऱ्यापैकी लांब असतानाच पेनाचे दोन झाले किंवा एक डोळा बाहेर सटकला तर तपासून घ्या.

यावर पेन्सिलचा व्यायाम सगळेच सांगतात, टोक दोन होईपर्यंत जवळ आणायचं, एक करायचा प्रयत्न करायचा, परत लांब. चांगला आहे, फुकट आहे, पण २००८ मध्ये अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर एक मोठा अभ्यास झाला त्यात दवाखान्यात थेरपिस्टसमोर आठवड्याला एकदा आणि सोबत घरी व्यायाम केलेल्या मुलांपैकी ७३ टक्के मुलं १२ आठवड्यांत सुधारली आणि घरी नुसती पेन्सिल केलेल्यांपैकी ४३ टक्के. म्हणजे पेन्सिल करून दोन महिन्यांत फरक नसेल तर पोर आळशी आहे असं समजू नका, ऑर्थोप्टिक विभाग, म्हणजे दोन डोळ्यांची जुळणी तपासून व्यायाम करून घेणारा विभाग, असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा. आणि व्यायाम फक्त याच प्रकाराला लागू, तिरळेपणा आणि नंबर व्यायामाने घालवून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका.

मोठ्यांचं थोडक्यात. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता येत नाही, जाळं विणताना गाठ दिसत नाही, तो आजार नाही, जवळचा चष्मा घ्या आणि कामाला लागा. पण अचानक एकाचे दोन दिसायला लागले तर एक डोळा झाका. झाकल्यावर, मग कुठलाही झाकला तरी, एकच दिसत असेल तर दोन डोळे जुळत नाहीयेत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एकच डोळा उघडा असतानाही दोन दिसत असतील तर बहुतेक मोतीबिंदू किंवा नंबर. शुगर-बीपी असलेल्यांत एखादी नस अचानक काम सोडते, बहुतेकांत साधारण तीन महिन्यांत भरून येते, तोवर एक डोळा झाकून ठेवायचा आणि गाडी, होडी चालवायची नाही, माडावर तर चढायचंच नाही. संध्याकाळी पापणी पडते आणि डबल दिसतं, सकाळी ठीक असतं, तर तेही सांगा, तो स्नायूंचा वेगळा आजार असू शकतो. आणि डबल दिसण्याबरोबर जोराची डोकेदुखी, पापणी अचानक पडलेली, एक बाहुली मोठी, बोलणं अडखळणं, हातपाय लुळा, यातलं एक जरी असलं तरी डोळ्याच्या दवाखान्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करून सरळ मोठं हॉस्पिटल.

एक गोष्ट आपल्याकडच्या पोरांसाठी. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कितीतरी मुलं मर्चंट नेव्हीत जातात, आणि डेकच्या कामाला लाल-हिरवा ओळखता येणं लागतंच, जहाजाचा डावीकडचा दिवा लाल आणि उजवीकडचा हिरवा असतो. रंगांधळेपणा बहुतेक आईकडून मुलाकडे येतो, तिला स्वतःला काही त्रास नसतो, आणि त्याला उपचार नाही. कोर्सची फी भरायच्या आधी इशिहाराची ठिपक्यांची टेस्ट करून घ्या, पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

जायचं कुठे? अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत मोफत आहे आणि पुढच्या उपचारांना तेच पाठवतात. टीमकडे पोरं खूप असतात, म्हणून घरी जे दिसलं ते कागदावर लिहून पोराबरोबर द्या किंवा त्या दिवशी स्वतः जा. बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल तर महिना व्हायच्या आत पडद्याची तपासणी झालीच पाहिजे, कोणी सांगितलं नाही तरी तुम्ही विचारा.

डॉक्टरकडे गेल्यावर पोराची तपासणी बाहुली मोठी करणारं औषध घालून करा म्हणून सांगा, नुसत्या मशीनवर पोरांचा नंबर चुकतो. लहान पोरांना घरी घालायला अॅट्रोपिनचं मलम दिलं तर तांदळाच्या दाण्याएवढंच, नंतर हात धुवायचे, आणि चेहरा लालबुंद झाला किंवा अंग तापलं तर बंद करून फोन करायचा. त्यानंतर आठ-दहा दिवस जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, टोपी घाला, परीक्षेच्या आठवड्यात तारीख घेऊ नका. जुना चष्मा, जुने कागद, काढलेले व्हिडिओ सगळं बरोबर न्या. पावसात जाणार असाल तर फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घाला, जुने नंबर भिजून गेले की पट्टीने किती फरक पडला ते डॉक्टरांना कळायला काहीच उरत नाही.